खळ्यावरची वाटणी आणि समुद्रातले तेल

आमच्या उरणच्या घरी देवघराशेजारच्या कोनाड्यात एक छोटी काचेची बाटली बरीच वर्षे होती. माझा मामा मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर नोकरीला होता. चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी असा त्याचा क्रम चाले, आणि कधीतरी नमुना म्हणून मिळालेले थोडे कच्चे तेल त्या बाटलीत होते. रंग हिरवट तपकिरी. उन्हाळ्यात ते काचेवरून सहज ओघळायचे, पण पौषातल्या सकाळी बाटली उलटी धरली तरी जागचे हलत नसे. मुंबई हायच्या तेलात मेणाचा अंश जास्त असल्यामुळे थंडी पडली की ते थिजते, आणि म्हणून ते समुद्राच्या तळाशी असलेल्या नळातून किनाऱ्यापर्यंत आणताना फार जपावे लागते, हे मामाने मला तेव्हाच समजावून सांगितले होते. हे तेल आपल्या महाराष्ट्राचे का, असे मी त्याला विचारले, तेव्हा "नाही गं, ते दिल्लीचे" एवढेच तो म्हणाला. आज पनवेलमध्ये सीए म्हणून काम करताना तेलक्षेत्राशी संबंधित कंत्राटदारांचे हिशेब रोज हाताखालून जातात, आणि मामाच्या त्या एका वाक्यामागे केवढा कायदा उभा आहे हे मला कळते.

राज्यघटनेच्या २९७व्या अनुच्छेदानुसार प्रादेशिक समुद्र, सागरमग्न खंडभूमी आणि अनन्य आर्थिक क्षेत्र यांच्या तळाखाली जे काही मौल्यवान आहे ते संघराज्याच्या, म्हणजे केंद्राच्या मालकीचे आहे. तेलक्षेत्रांचे नियमन आणि विकास हा विषय केंद्रसूचीतील ५३व्या नोंदीत येतो, त्यामुळे जमिनीवरच्या तेलाचेही नियम दिल्लीच ठरवते. फरक पडतो तो पैशात. आसाम, गुजरात किंवा राजस्थानात जमिनीतून तेल निघाले की त्याचे स्वामित्वधन (रॉयल्टी, म्हणजे मालकाचा मोबदला) त्या त्या राज्य सरकारला मिळते, परंतु समुद्रातून निघालेल्या तेलाचे स्वामित्वधन केंद्राच्या तिजोरीत जाते. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या विहीर खोदणाऱ्या रिगने तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि देशाचे सर्वांत मोठे तेलक्षेत्र आपल्या किनाऱ्यासमोर उभे राहिले. त्या क्षेत्राच्या स्वामित्वधनातला एक रुपयाही स्वामित्वधन म्हणून महाराष्ट्राला मिळालेला नाही. घटनेच्या दृष्टीने यात काही चूक नाही. तेलाचे नळ मात्र उरणला किनाऱ्याला लागतात, तेलावरची प्रक्रिया तिथे होते, आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवतीच्या ५०० मीटरच्या सुरक्षा क्षेत्रात होडी नेण्याची बंदी आमच्या कोळीवाड्यांना पाळावी लागते, हेही तितकेच खरे आहे.

नियमनाचा पाया १९४८ चा तेलक्षेत्रे कायदा आणि त्याखालचे १९५९ चे नियम यांनी घातला. आधी शोधाचा परवाना घ्यायचा आणि तेल सापडले की उत्पादनासाठी पट्टा (लीज) घ्यायचा, असे त्यातले दोन टप्पे होते. पहिल्या टप्प्यात कंपनी केवळ खर्च करते: भूकंपलहरींचे सर्वेक्षण, त्याचा अर्थ लावणे, मग विहीर खोदणे, आणि इतके करूनही विहीर कोरडी निघणे हा या धंद्यातला नेहमीचा अनुभव आहे. १९९३ मध्ये हायड्रोकार्बन (म्हणजे तेल आणि वायू) महासंचालनालय स्थापन झाले आणि करारांची तांत्रिक देखरेख त्याच्याकडे आली. मार्च २०२५ मध्ये संसदेने १९४८ च्या कायद्यातील दुरुस्ती पूर्ण केली. तोवर नियमभंगाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद होती. अब्जावधींच्या उद्योगात हजार रुपयांचा दंड इतकी वर्षे कायद्यात टिकून राहिला, याचे मला आजही नवल वाटते. आता कैद गेली, आणि दंड २५ लाख रुपयांपर्यंत व नियमभंग चालूच राहिल्यास दररोज १० लाखांपर्यंत होऊ शकतो. पट्ट्याच्या अटींना स्थैर्य देणे हाही या दुरुस्तीचा हेतू असल्याचे सरकारने सांगितले आहे, आणि माझ्या मते त्यातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

सुरक्षेचे नियम कसे आले, हे उरणच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसाने मुंबई बुडाली होती आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई हायच्या उत्तर भागातील प्लॅटफॉर्मला आग लागली. मदतनौकेवरच्या एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली होती. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते, म्हणून त्याला क्रेनने प्लॅटफॉर्मवर घेण्यासाठी नौका जवळ आली, लाटांनी ती प्लॅटफॉर्मवर आदळली, वायूचा नळ फुटला आणि दोनेक तासांत सगळा सांगाडा जळून समुद्रात गेला. २२ जण दगावले, ३६२ जण वाचले. मामा तेव्हा निवृत्त झालेला होता, पण फोन बंद असलेल्या त्या रात्री तो ओटीवर बसून एकेका सहकाऱ्याचे नाव घेत होता. सागरी कामांच्या सुरक्षेचे स्वतंत्र नियम २००८ मध्ये लागू झाले आणि त्यांची अंमलबजावणी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आली. देशात समुद्रातून तेल काढायला लागून त्या वेळी बत्तीस वर्षे झाली होती.

आता कराकडे येते, कारण लिहायला बसले ते त्यासाठीच.

रायगडच्या माणसाला वाटणीचे दोन प्रकार शिकवावे लागत नाहीत. एक वाटणी खळ्यावर होते: धान्याची रास पडली की मालक आपला हिस्सा उचलतो, मग कुळाने बियाण्याला किती घातले, मजुरी किती दिली, पाऊस कमी पडला का, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. दुसरी वाटणी खर्च वजा जाता उरलेल्यातून होते. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमिनी न कसता जो संप चालवला, तो खोतांच्या अशाच बेहिशेबी वसुलीविरुद्ध होता. तेलावरच्या करांचा विचार करताना मी प्रत्येक वेळी हाच प्रश्न विचारते, की सरकार खळ्यावर हिस्सा घेते आहे की खर्च वजा जाता.

स्वामित्वधन ही उघडउघड खळ्यावरची वाटणी आहे. विहिरीच्या तोंडाशी तेलाची जी किंमत येते तिच्या ठरावीक टक्क्यांनी ते द्यावे लागते, कंपनीला नफा होवो वा तोटा. ते समर्थनीयही आहे, कारण जमिनीतून एकदा काढलेले तेल पुन्हा तयार होत नाही आणि मालकाला त्याच्या संपत्तीचा मोबदला मिळालाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २५ जुलै २०२४ रोजी खनिजांच्या प्रकरणात ८ विरुद्ध १ अशा बहुमताने, स्वामित्वधन हा कर नव्हे, असे म्हटले ते याच विचाराने. दर ठरवताना आपल्याकडे थोडा विवेकही दिसतो: २०१६ च्या नव्या धोरणात जमिनीवर १२.५ टक्के, उथळ समुद्रात ७.५, खोल समुद्रात ५ आणि अतिखोल समुद्रात २ टक्के असे दर ठेवले, आणि खोल व अतिखोल पाण्यात पहिली सात वर्षे स्वामित्वधन माफ केले. जिथे धोका जास्त तिथे मालकाचा हिस्सा कमी, हे तत्त्व त्यात नीट उतरले आहे.

उपकराची गोष्ट वेगळी आहे. १९७४ च्या तेल उद्योग विकास कायद्याने कच्च्या तेलावर उपकर (सेस) आला, तो टनाला ६० रुपये होता आणि तेल उद्योगाच्या विकासासाठी घेतला जात होता. पुढे दर चढत गेला; २००६ मध्ये तो टनाला २,५०० रुपये झाला आणि मार्च २०१२ मध्ये ४,५०० रुपये. त्या वेळी जागतिक बाजारात तेल शंभर डॉलरच्या वर होते, त्यामुळे हा बोजा कोणाला जड वाटला नाही. मग भाव कोसळले. २०१६ च्या सुरुवातीला पिंपाचा (बॅरलचा) भाव तीस डॉलरच्या आसपास आला, आणि टनाला ४,५०० रुपये म्हणजे पिंपामागे नऊ डॉलरच्या घरातला उपकर भावाच्या जवळजवळ तीस टक्के भरू लागला. रुपयांत ठरवलेला कर भावाबरोबर खाली येत नाही, हे कळायला आपल्याला अर्धा उद्योग तोट्यात जाण्याची वाट पाहावी लागली. मार्च २०१६ पासून उपकर किमतीच्या २० टक्के झाला. ही सुधारणा होतीच, पण पाया खळ्याचाच राहिला.

माझा या उपकरावर आणखी एक आक्षेप आहे. ज्या तेल उद्योग विकास मंडळासाठी तो गोळा होतो, त्याच्या हाती जमलेल्या रकमेचा अगदी थोडा भाग पडला आणि बाकीचे पैसे केंद्राच्या सर्वसाधारण खर्चात मिसळले. एखाद्या संस्थेने इमारत निधी म्हणून वर्गणी जमवून ती पगारावर खर्च केली, तर आम्ही लेखापरीक्षक ताळेबंदावर शेरा मारतो. उपकराचे उत्पन्न राज्यांशी वाटून घ्यावे लागत नाही, हेही त्याच्या लोकप्रियतेचे कारण असावे. समुद्रातले स्वामित्वधन हा तर करच नाही, म्हणजे तेही वाटणीत येत नाही. याउलट कंपनीच्या नफ्यावरचा प्राप्तिकर वाटणीयोग्य निधीत जातो आणि वित्त आयोगाच्या शिफारशीप्रमाणे त्या निधीचा ४१ टक्के हिस्सा राज्यांना मिळतो. मुंबई हायचा पैसा आपल्या राज्यापर्यंत पोहोचण्याची जी एक वाट आहे ती नफ्यावरच्या करातून जाते, आणि खळ्यावरची वसुली जितकी वाढते तितकी ती वाट अरुंद होते, कारण आधी उचललेला हिस्सा नफ्यातून वजा झालेला असतो.

खर्च वजा जाता वाटणी करून पाहिली नाही असे मात्र नाही. १९९९ मध्ये अमलात आलेल्या नव्या शोध परवाना धोरणाखाली खासगी आणि परदेशी कंपन्यांनाही लिलावात बरोबरीने उतरता आले आणि उत्पादन वाटणी करार झाले. कंपनीने आधी आपला खर्च तेलातून वसूल करायचा, उरलेले 'नफ्याचे तेल' सरकारशी वाटायचे, आणि गुंतवणुकीच्या पटीत वसुली वाढत जाईल तसा सरकारचा वाटा वाढवायचा, अशी ती रचना होती. कागदावर ती न्याय्य आहे. मेख अशी की, खर्च जितका फुगेल तितका सरकारचा वाटा पुढे ढकलला जातो, आणि म्हणून प्रत्येक बिलावर भांडण होते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ गटात (गट म्हणजे शोधासाठी दिलेला ठरावीक तुकडा) विकासखर्चाचा आराखडा २००४ मधील २.४ अब्ज डॉलरवरून २००६ मध्ये ८.८ अब्ज डॉलरवर गेला, वायूचे उत्पादन अपेक्षेपेक्षा फार लवकर घसरले, महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात ताशेरे ओढले, सरकारने खर्चवसुलीचा काही भाग नाकारला आणि प्रकरण लवादात गेले. कोणाचे किती चुकले याचा निवाडा मी करणार नाही. खर्च तपासण्याची क्षमता उभी करण्याआधीच खर्चावर आधारलेला करार केला की काय होते, हे मात्र मी माझ्या धंद्यात लहान प्रमाणावर नेहमी पाहते.

त्या कटकटींना कंटाळून सरकारने मार्च २०१६ मध्ये मंजूर केलेल्या धोरणात महसूल वाटणी स्वीकारली. आता कंपनी बोली लावतानाच कमी आणि जास्त उत्पन्नाच्या टप्प्यांवर सरकारला एकूण महसुलातला किती हिस्सा देईल ते सांगते. खर्चाचा हिशेब तपासण्याची गरज उरत नाही. त्याबरोबर कंपनीने हवा तो भूभाग स्वतः निवडून मागावा आणि तेलाची विक्री मोकळेपणाने करावी, असे बदलही आले, ते मला मनापासून पटतात. नव्या गटांना उपकरही नाही. पण महसूल वाटणी म्हणजे पुन्हा खळेच. सोप्या, उथळ क्षेत्रात ती चालून जाईल. खोल समुद्रात, जिथे एकेका विहिरीला शेकडो कोटी लागतात, तिथे कंपनी धोका स्वतः पत्करते आणि हिस्सा पहिल्या पिंपापासून देते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारलाही हे मान्य करावे लागले. अजून व्यापारी उत्पादन सुरू न झालेल्या खोऱ्यांमध्ये, अपवादात्मक घबाड लागल्याखेरीज, महसुलाचा वाटा मागायचा नाही असे त्यांनी ठरवले.

घबाडाचा विषय निघालाच आहे. युक्रेनच्या युद्धाने भाव भडकल्यावर १ जुलै २०२२ पासून देशात काढलेल्या कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपये विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क लागले, म्हणजे पिंपामागे सुमारे ४० डॉलर. दर पंधरवड्याला त्याचा आढावा घेतला जाई, कधी तो शून्यावर आला, कधी पुन्हा चढला, आणि २ डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द झाला. अनपेक्षित नफ्यात समाजाचा वाटा असावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो वाटा आधी लिहिलेल्या सूत्राने घ्यावा. दर पंधरा दिवसांनी अधिसूचना पाहून जो उद्योग चालतो, त्यात वीस वर्षांची गुंतवणूक कोण करील? भाव पडले तेव्हा उपकर खाली आणायला वर्ष-दीड वर्ष लागले आणि भाव चढले तेव्हा नवे शुल्क एका रात्रीत आले, ही विषमता गुंतवणूकदार विसरत नाही. वायूच्या बाबतीतही तसेच. एप्रिल २०२३ पासून जुन्या क्षेत्रांतील वायूचा भाव भारत आयात करतो त्या कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या १० टक्के ठेवला, पण त्यावर दर दशलक्ष बीटीयूला (वायूच्या उष्णतेचे एकक) सुरुवातीला साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा घातली, आणि ती मर्यादा म्हणजे वेगळ्या नावाचा करच आहे, फक्त तो तिजोरीऐवजी ग्राहकाकडे जातो.

एक गोष्ट माझ्या टेबलावरची सांगते. माझा एक अशील प्लॅटफॉर्मसाठी देखभालीची कामे करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये शोध आणि उत्पादनाशी संबंधित सेवांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, तेव्हा त्याच्या बिलावरचा आकडा बदलायला मला पाच मिनिटे लागली. त्याला स्वतःला फरक पडला नाही, कारण कर तो पुढच्याकडून घेतो. इतर कोणताही कारखानदार असता तर त्याने ही रक्कम आपल्या विक्रीवरच्या जीएसटीतून वळती करून घेतली असती. तेल कंपनीला ते करता येत नाही, कारण कच्चे तेल आणि नैसर्गिक वायू अजून जीएसटीच्या बाहेर आहेत. रिग भाड्याने घेतल्यापासून रंगाच्या डब्यापर्यंत दिलेला प्रत्येक रुपया कर तेलाच्या खर्चात कायमचा मुरतो. हासुद्धा खर्च झाल्याबरोबर लागणारा, नफा न पाहणारा कर आहे. फरक इतकाच की, त्याला कोणी तेलावरचा कर म्हणत नाही.

नॉर्वेचे उदाहरण सगळे देतात, पण बहुतेक वेळा अर्धेच. तिथे तेलकंपनीच्या नफ्यावर एकत्रित ७८ टक्के कर आहे, हे सांगितले जाते. त्या देशाने स्वामित्वधन टप्प्याटप्प्याने काढून टाकले आणि शोधात बुडालेल्या खर्चावरील कराचा भाग सरकार कंपनीला रोख परत देते, हे सांगितले जात नाही. विहीर कोरडी गेली तर सरकारही त्यात पैसे घालते, म्हणून लागली तर मोठा वाटा मागण्याचा त्याला अधिकार पोहोचतो. आपल्या प्राप्तिकर कायद्यातही १९६१ पासून वाया गेलेल्या शोधखर्चाची वजावट आहे, पण ती नफा कमावणाऱ्यालाच उपयोगी पडते. पहिलीच विहीर खोदून रिकाम्या हाताने परतलेल्याला तिचा उपयोग नाही.

हे सगळे आज मुंबई हायच्या बाबतीत निकडीचे आहे, कारण ते क्षेत्र म्हातारे झाले आहे. विहिरींतून तेलाबरोबर पाणी येते, ते वेगळे करावे लागते, दाब टिकवण्यासाठी पाणी आत सोडावे लागते, गंजलेले नळ बदलावे लागतात. उत्पादन वाढवण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये हे क्षेत्र चालवणाऱ्या ओएनजीसी या सरकारी कंपनीने बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक भागीदार म्हणून निवडले. आता एक ढोबळ हिशेब करून पाहा. पिंपाचा भाव ७० डॉलर धरला, तर जुन्या नामनिर्देशित (म्हणजे लिलावाशिवाय सरकारी कंपनीला दिलेल्या) सागरी क्षेत्रात १४ डॉलर उपकर आणि साडेसहाच्या आसपास स्वामित्वधन जाते. समजा एखाद्या म्हाताऱ्या विहिरीतून पिंप काढायला ५२ डॉलर लागतात. देशाला त्यातून १८ डॉलरचा फायदा आहे, पण कंपनीच्या वहीत तोटा दिसतो, आणि ती विहीर बंद होते. आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो. बंद केलेल्या विहिरीतले पिंप मग पूर्ण ७० डॉलर मोजून बाहेरून येते. जुन्या क्षेत्रांसाठी उपकराचा दर उत्पादन आणि भाव यांच्याशी बांधलेल्या पायऱ्यांवर आणावा, कमी उत्पादनाच्या विहिरींना तो माफ करावा आणि तेवढी वसुली प्राप्तिकरातून होऊ द्यावी, असे माझे म्हणणे आहे. राज्याचा वाटाही त्यातूनच वाढेल.

आणि विहिरी बंद होतील तेव्हाचा प्रश्न आताच विचारायला हवा. प्राप्तिकर कायद्यात क्षेत्र पूर्ववत करण्यासाठीच्या निधीची तरतूद आहे. कंपनीने उत्पादन चालू असताना त्यात रक्कम बाजूला ठेवली तर मर्यादेपर्यंत करसवलत मिळते. ताप्ती या सागरी क्षेत्रातील प्लॅटफॉर्म काढून टाकण्याचे काम हे आपल्या देशातले त्या प्रकारचे पहिले काम ठरले. मुंबई हायवर असे कितीतरी सांगाडे उभे आहेत, काही माझ्या जन्माआधीचे. त्यांच्यासाठीच्या निधीत किती जमले आहे आणि काढायला किती लागेल, हे दोन आकडे दरवर्षी शेजारी शेजारी छापले जावेत, म्हणजे पुढे ज्या पाण्यात जाळे टाकायचे आहे त्या पाण्याचा हिशेब उरण, करंजा आणि ससून डॉकच्या माणसांना आपल्या डोळ्यांनी वाचता येईल.